फ्रेंचचा भविष्यकाळ मराठीतून शिकवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अकरावीचे प्रवेश सुरू झाले की आमच्या जुळे सोलापुरात दर वर्षी तीच चर्चा कानावर येते. दुसरी भाषा कोणती घ्यायची? मराठीला मार्क मिळत नाहीत, संस्कृतला पाठांतर फार, मग फ्रेंच घे, स्कोअरिंग आहे. मुलांनी फ्रेंच घ्यायला माझा अजिबात विरोध नाही, जेवढी घेतील तेवढी मला हवीच आहेत. टेरी टॉवेल परदेशी पाठवणाऱ्या एका कारखान्याच्या कार्यालयात फ्रेंच पत्रव्यवहार सांभाळण्यात माझी नोकरी गेली, आणि निवृत्त झाल्यापासून मी घरी काही मुलामुलींना ही भाषा शिकवते. माझं म्हणणं आहे ते शिकवण्याच्या पद्धतीबद्दल. माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या हातात जे गाइड असतं, त्यात फ्रेंच वाक्याशेजारी इंग्रजी वाक्य असतं आणि नियमही इंग्रजी व्याकरणाच्या भाषेत. मराठी कुठेच नाही. यात मुलांचं नेमकं काय नुकसान होतं ते एकाच काळाच्या उदाहरणावरून सांगते, म्हणजे मोघम बोलल्यासारखं होणार नाही.

तो काळ म्हणजे ‘फ्युत्युर आंतेर्यर’, आपल्या शाळेतल्या व्याकरणातला पूर्ण भविष्यकाळ. भविष्यात एक गोष्ट घडायची आहे आणि तिच्या आधी दुसरी होऊन गेलेली असेल, तर ती आधीची गोष्ट या काळात सांगायची. आपण स्टेशनावर पोचू तेव्हा हुतात्मा एक्सप्रेस सुटलेली असेल. यातलं ‘सुटलेली असेल’ म्हणजे हा काळ. (पुढे फ्रेंच शब्द मी उच्चारानुसार देवनागरीत लिहिते आहे. उच्चार जवळपासचे समजावेत.)

रचना सोपी आहे. क्रियापदाचं भूतकाळवाचक रूप घ्यायचं आणि त्याच्या आधी ‘आव्हवार’ (जवळ असणं) किंवा ‘एत्र’ (असणं) या दोन साहाय्यक क्रियापदांपैकी एकाचं भविष्यकाळी रूप लावायचं. आव्हवारची रूपं झोरे, त्यु ओरा, इल ओरा, नू-झोरों, वू-झोरे, इल-झोरों. एत्रची झ सरे, त्यु सरा, इल सरा, नू सरों, वू सरे, इल सरों. मराठीत आपण दुसरं काय करतो? ‘गेलेला’, ‘केलेलं’, ‘लिहिलेली’ हे रूप घेतो आणि त्याला ‘असेन, असशील, असेल, असू, असाल, असतील’ जोडतो. फ्रेंच साहाय्यक क्रियापद आधी ठेवते, आपण नंतर ठेवतो, एवढाच फरक. भूतकाळवाचक रूपांचे तीन मोठे गट आहेत. ‘पार्ले’चं (बोलणं) पार्लेच, म्हणजे लिहिताना बदल होतो पण कानाला कळत नाही. ‘फिनीर’चं (संपवणं) फिनी, ‘वाँद्र’चं (विकणं) वाँद्यु. बाकी फॅरचं (करणं) फॅ, प्राँद्रचं (घेणं) प्री, व्हवारचं (पाहणं) व्ह्यु असली अनियमित रूपं पाठ करावीच लागतात, तिथे कुठलीच पळवाट नाही. नकारात ‘न’ आणि ‘पा’ हे साहाय्यक क्रियापदाला दोन्हीकडून कवेत घेतात: झ नोरे पा फिनी, माझं झालेलं नसेल. हा भाग मुलं दोन दिवसांत उचलतात.

अडचण येते ती वापरात, आणि ती बहुतेक वेळा इंग्रजीमुळे येते.

‘तुझं जेवण झालं की फोन कर’ हे वाक्य घ्या. इंग्रजीत ‘व्हेन’नंतर भविष्यकाळ चालत नाही. तिथे ‘व्हेन यू हॅव ईटन’ म्हणतात. मग इंग्रजीवरून फ्रेंच करणारं मूल ‘काँ त्यु आ माँझे’ लिहून मोकळं होतं आणि मार्क जातात, कारण भविष्याबद्दल बोलताना फ्रेंचमध्ये ‘काँ’, ‘लोर्स्क’ (जेव्हा), ‘दॅ क’, ‘ओसितो क’ (होताच) यांच्यानंतर भविष्यकाळच लागतो. बरोबर वाक्य ‘काँ त्यु ओरा माँझे’. साध्या भविष्यकाळाचंही तेच. ‘तू येशील तेव्हा आपण जेवू’ यात मराठी दोन्हीकडे भविष्यकाळ वापरते आणि फ्रेंचसुद्धा. इंग्रजी मात्र ‘व्हेन यू कम’ म्हणते. जी गोष्ट मुलाच्या तोंडात जन्मापासून बसली आहे, ती बाजूला ठेवून आपण त्याला आधी इंग्रजी वळण लावतो आणि मग ते वळण मोडायला महिनाभर खर्ची घालतो.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. मराठीतही आपण बोलताना ‘झालं की’ म्हणतो, भूतकाळी रूप वापरतो. म्हणून मी मुलांना ‘की’चं वाक्य ‘तेव्हा’मध्ये उलगडायला लावते. ‘जेवण झालं की’ म्हणजे ‘जेवण झालेलं असेल तेव्हा’. ‘पैसे आले की’ म्हणजे ‘पैसे आलेले असतील तेव्हा’. वाक्य उलगडलं की फ्रेंच रूप त्यात दिसतं. आमच्या कार्यालयातून जाणाऱ्या पत्रांत एक वाक्य कायम असे: तुमची आगाऊ रक्कम मिळाली की उत्पादन सुरू करू. ‘दॅ क नू-झोरों रस्यु व्होत्र आकोंत, नू लाँसरों ला फाब्रिकासियों.’ यातला क्रम महत्त्वाचा. रक्कम आधी, माग नंतर. फ्रेंच गिऱ्हाईक हे वाक्य वाचतो तेव्हा क्रियापदाच्या रूपावरूनच त्याला कळतं की पैसे आल्याशिवाय सूतसुद्धा हलणार नाही. व्यवहारात या काळाचं मोल इतकं आहे, आणि गाइडात तो परीक्षेच्या दोन मार्कांपुरता उरतो.

माझ्याकडे पूर्व भागातून एक मुलगी येते. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळते, घरात तेलुगू. गाइडातलं ‘बाय द टाइम यू रीच होम, आय विल हॅव फिनिश्ड’ हे वाक्य तिने पुन्हा पुन्हा वाचलं आणि वही मिटून बसली. मी गाइड बाजूला ठेवलं आणि विचारलं, “तुझे वडील आत्ता कुठे असतील गं?”

“कारखान्यावर पोचले असतील की, बाई.”

“आणि आई?”

“आईनं विड्या दिल्या असतील. आता घरी आली असेल.”

म्हटलं, झालं तुझं फ्युत्युर आंतेर्यर. वडील पोचले असतील, इल सरा आरिव्हे. आईनं दिल्या असतील, एल ओरा लिव्रे. ती घरी आली असेल, एल सरा राँत्रे. तिने वही पुन्हा उघडली आणि स्वतःच विचारलं, “बाई, वडिलांना सरा आणि आईला एकदा ओरा, एकदा सरा, असं का?” हा प्रश्न मला आतापर्यंत इंग्रजी गाइडावरून शिकणाऱ्या एकाही मुलाने विचारलेला नाही. त्यांना ‘एत्र’ लागणाऱ्या क्रियापदांची यादी दिलेली असते आणि ते ती पाठ करतात.

या प्रश्नाचं उत्तर मराठीत जवळजवळ तयारच आहे. ‘आई आली असेल’ आणि ‘आईनं दिल्या असतील’ या दोन वाक्यांत आपण कर्त्यालाच वेगळं वागवतो. एकीकडे ‘ने’ नाही, दुसरीकडे आहे. क्रियेला कर्म असलं आणि ती होऊन गेलेली असली की मराठीत ‘ने’ लागतो, आणि तिथे फ्रेंचमध्ये बहुधा आव्हवार येतं. जाणं, येणं, निघणं, पोचणं, चढणं, उतरणं, पडणं, राहणं, जन्मणं, मरणं अशा क्रियांना मराठीत ‘ने’ नाही आणि फ्रेंचमध्ये एत्र. त्यातही एक जागा तर अशी आहे की मी ती शिकवताना दर वेळी हरखून जाते. ‘सोर्तीर’ या क्रियापदाला दोन्ही साहाय्यक लागतात. ‘एल सरा सोर्ती’ म्हणजे ती बाहेर पडली असेल. ‘एल ओरा सोर्ती ल लीव्र’ म्हणजे तिने पुस्तक बाहेर काढलं असेल. मराठीत ‘ती’चं ‘तिने’ झालं त्याच ठिकाणी फ्रेंचमध्ये ‘सरा’चं ‘ओरा’ झालं. ‘देसाँद्र’चं तसंच. मी उतरले असेन तर ‘सरे’, मी बॅगा उतरवल्या असतील तर ‘ओरे’. आपल्याकडे उतरणं आणि उतरवणं ही दोन क्रियापदं आहेत, फ्रेंचमध्ये क्रियापद एकच आणि फरक साहाय्यकाने दाखवायचा. इंग्रजीत यातलं काहीच नाही, सगळीकडे ‘विल हॅव’. म्हणून इंग्रजीतून गेलेल्या मुलाला हा नियम वरून लादल्यासारखा वाटतो.

नियम ताणू मात्र नये. ‘ने’ आला तर आव्हवार, हे बहुतेक वेळा खरं ठरतं. पण ‘त्याने हात धुतले असतील’ यात फ्रेंच ‘स लाव्हे’ वापरते, आणि स्वतःवर होणाऱ्या अशा क्रियांना नेहमी एत्रच लागतं. उलट बाजूने, ‘तो धावला असेल’, ‘तो झोपला असेल’ यांना मराठीत ‘ने’ नाही, तरी फ्रेंचमध्ये ओरा. म्हणजे ‘ने’ नसेल तर एत्रची ती छोटी यादी तपासावीच लागते. शिवाय ‘मी’ आणि ‘तू’ यांना आपण ‘ने’ लावत नाही, तेव्हा तिथे क्रियापद कोणाच्या मागे जातं ते पाहायचं. ‘मी चिठ्ठी लिहिली असेल’ यात क्रियापद चिठ्ठीच्या मागे गेलं, माझ्या नाही.

आणि हे मागे जाणं हीच फ्रेंचमधली सगळ्यांना छळणारी गोष्ट. एत्र असेल तर भूतकाळवाचक रूप कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतं. मी बाई आहे, म्हणून ‘झ सरे पार्ती’ लिहिताना शेवटी एक अक्षर जास्तीचं लिहिते. ते ऐकू येत नाही, पण गाळलं तर चूक धरतात. मराठीत तोच फरक ऐकूही येतो: मी निघालेलो असेन, मी निघालेली असेन. आव्हवार असेल तर रूप कर्त्याकडे बघतच नाही. कर्म क्रियापदाच्या आधी आलं असेल तरच ते कर्माप्रमाणे बदलतं. ‘झोरे एक्री ले लेत्र’ यात पत्रं नंतर आली, रूप तसंच राहिलं. ‘ले लेत्र क झोरे एक्रीत’, मी लिहिलेली असतील ती पत्रं, यात पत्रं आधी आली म्हणून ‘एक्री’चं ‘एक्रीत’ झालं, आणि इथे तर तो त कानालाही कळतो. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना वर्षभर सांगूनही हे पटत नाही. क्रियापद कर्माचं ऐकतं म्हणजे काय, असं ती विचारतात. अरे, तुम्ही घरी रोज तेच बोलता! भाकरी खाल्ली, आंबा खाल्ला, पोहे खाल्ले. खाणारा कोणीही असो. मराठी कर्म कुठेही असलं तरी त्याचं ऐकते, फ्रेंच फक्त आधी आलेल्याचं ऐकते, एवढाच फरक सांगितला की पुरतं. शब्दांची लिंगं मात्र वेगळी पाठ करावी लागतात. आपली गाडी स्त्रीलिंगी, त्यांचं ‘त्रँ’ पुल्लिंगी.

पूर्व भागातल्या त्या मुलीला हे सगळं माझ्या अपेक्षेपेक्षा लवकर समजलं. तेलुगूत आपल्यासारखा ‘ने’ नाही. तिने तो शाळेत, मराठी शिकताना, जाणून घेऊन अंगी बाणवला आहे. सोलापुरात घरी तेलुगू किंवा कन्नड, शेजारात दखनी, शाळेत मराठी अशी वाढलेली मुलं गल्लोगल्ली आहेत. चीनमध्ये जाऊन तिथली भाषा शिकलेले आणि तिथल्या जखमींवर उपचार करता करता १९४२ मध्ये तिथेच गेलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस याच गावचे. नवी भाषा आपल्या मुलांना जड जाते असं मला कोणी सांगू नये.

या काळाचा आणखी एक वापर आहे, त्यात भविष्य नसतंच. अंदाज असतो. पाहुणा वेळेवर आला नाही, तर फ्रेंच माणूस म्हणतो, ‘इल ओरा माँके सों त्रँ’. त्याची गाडी चुकली असेल. ‘त्यु ओरा उब्लिये तों पाराप्लुई’, छत्री विसरला असशील. इंग्रजी इथे ‘विल हॅव’ सहसा सोडून देते आणि ‘मस्ट हॅव’कडे वळते, त्यामुळे गाइडात हा वापर ‘विशेष उपयोग’ म्हणून शेवटच्या पानावर ढकललेला असतो. मराठी माणसासाठी हा सगळ्यात ओळखीचा वापर. दिवसातून किती वेळा आपण ‘झोपला असेल’, ‘विसरली असेल’, ‘लाइट गेली असेल’ म्हणतो! माझ्या मते मराठी मुलांना हा काळ शिकवताना सुरुवात इथूनच करावी. आधी अंदाज, मग वेळेचा क्रम. पुस्तकातला क्रम उलटा आहे आणि तो इंग्रजी बोलणाऱ्यांच्या सोयीचा आहे.

मराठीमुळे घसरण्याच्या जागाही आहेत, त्या झाकून ठेवणं बरोबर नाही. पहिली जागा ‘जर’ची. ‘तुझं झालं असेल तर जाऊ’ असं आपण सहज म्हणतो. पण फ्रेंचमध्ये अटीच्या ‘सी’नंतर भविष्यकाळ येत नाही, साधाही नाही आणि पूर्णही नाही. तिथे ‘सी त्यु आ फिनी’. ‘सी त्यु ओरा फिनी’ लिहिलं की चूक. इथे इंग्रजीवाली मुलं बरोबर येतात आणि मराठीवाली चुकतात, म्हणून ‘तेव्हा’ आणि ‘जर’ या दोघांना एकाच दिवशी, शेजारी शेजारी बसवून शिकवायला हवं. दुसरी जागा वर्तमानपत्री फ्रेंचची. एखाद्याच्या मृत्युलेखात ‘इल ओरा त्राव्हाये तुत सा व्ही’ असं येतं. मराठी मूल याचा अर्थ ‘आयुष्यभर काम केलं असेल’ असा लावतं. पण तिथे अंदाज नाही. झालेल्या आयुष्याकडे वळून पाहत, जमाखर्च मांडल्यासारखं ते ठामपणे सांगितलेलं असतं: आयुष्यभर राबला. आपल्याकडे याला तोड नाही, ते वाचून वाचूनच कळतं.

तिसरी गोष्ट एका अक्षराची, आणि नोकरीत मी तिच्यावर सगळ्यात जास्त डोळे घातले आहेत. ‘झोरे’ लिहिताना शेवटी एक ‘एस’ जास्त पडला की ते पूर्ण भविष्य राहत नाही. ‘झोरे एक्सपेदिये’ म्हणजे मी माल रवाना केलेला असेल. शेवटी एस लागला की अर्थ होतो, मी माल रवाना केला असता. म्हणजे पाठवलेलाच नाही! बरेच फ्रेंच लोक बोलताना या दोन रूपांत फरक करत नाहीत, तेव्हा कानावर भिस्त ठेवता येत नाही. पत्र हातावेगळं करण्याआधी मी मनात मराठीत विचारत असे: ‘असेल’ म्हणायचंय की ‘असता’? उत्तर मिळालं की एस ठेवायचा की खोडायचा ते ठरे. हीच सवय मी मुलांना लावते. इंग्रजीत ‘विल हॅव’ आणि ‘वुड हॅव’ हा फरक आहे हे खरं, पण आपल्या मुलांना ‘वुड’चे इतके अर्थ शिकवलेले असतात की घाईत तो हाताशी येत नाही. ‘असेल’ आणि ‘असता’मध्ये मराठी मूल झोपेतसुद्धा गल्लत करणार नाही.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. सोलापुरातल्या कनिष्ठ महाविद्यालयांत फ्रेंच शिकवणाऱ्या शिक्षकांना विनंती, की वर्गात मराठी बोलायचा संकोच करू नका. निदान काळ शिकवताना तरी फळ्यावर इंग्रजी वाक्याच्या जागी मराठी वाक्य लिहून बघा. पाठ्यपुस्तकं तयार करणाऱ्यांना विनंती, की फ्रेंच व्याकरणाची एक छोटी पुस्तिका मराठीतून काढा. तीत क्रियापदांच्या तक्त्यांपेक्षा वापराची वाक्यं जास्त असू द्या, आणि ती वाक्यं एसटी, दुकान, कारखाना, दवाखाना इथली असू द्या. तिसरी विनंती आपल्याला. आपल्या शैक्षणिक पुरवणीत परभाषा शिकणाऱ्यांसाठी आठवड्याला एक छोटा चौकोन द्यावा. फ्रेंचच कशाला, जर्मन आणि जपानी शिकणारी मुलंही शहरात आहेत. फ्रेंचचा मजकूर मी विनामोबदला लिहून देईन. पहिल्या चौकोनासाठी मी ‘काँ’नंतर भविष्यकाळ घेईन, कारण बारावीच्या मुलांची सराव परीक्षा तोंडावर आहे आणि त्यांना तो सगळ्यात आधी लागणार आहे.

आपली नियमित वाचक,
निर्यात कार्यालयातील निवृत्त कर्मचारी,
जुळे सोलापूर